पाना कंपनी देते, मग टॅब बापाने का द्यायचा?

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता. रात्री साडेनऊच्या सुमारास आपाचा फोन आला. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. चाकण एमआयडीसीला लागून असलेल्या म्हाळुंग्यात राहते. दुल्हेभाई तिथल्याच एका व्हेंडर कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. मुलगी सातवीत, आरटीईच्या पंचवीस टक्के कोट्यातून एका इंग्रजी शाळेत शिकते.

त्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला होता. सहावी ते आठवीच्या मुलांनी येत्या सोमवारपासून स्वतःचा टॅब किंवा लॅपटॉप वर्गात आणायचा. स्क्रीन दहा इंचांपेक्षा लहान नको. हेडफोन सोबत हवा. नेटपॅकचं पालकांनी बघायचं.

आपाने मेसेज वाचून दाखवला आणि गप्प झाली. मग भाचीने फोन हातात घेतला. "मामू, अब्बा का फोन चलेगा क्या? कांच टूटेला है, मगर चलता."

मी काय सांगणार? त्या घरात स्मार्टफोन एकच आहे. आपाकडे बटणाचा साधा फोन. दुल्हेभाई त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होते, म्हणून रात्री फोन घरात होता. दुसरी पाळी लागली की तो दुपारी त्यांच्याबरोबर जातो आणि मध्यरात्रीनंतर परत येतो. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. लाइनवर जायच्या आधी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे पोरीचा गृहपाठ ज्या फोनवर येतो, तो फोन सगळी संध्याकाळ चाकणच्या एका लोखंडी कपाटात बंद असतो.

नंतर दुल्हेभाई फोनवर आले. त्यांनी एकच वाक्य बोललं आणि हा लेख त्या वाक्यातूनच निघाला. "अरे, हमारे यहां पाना भी कंपनी देती. घर से पाना लाया तो गेट पे ही रोकते. और ये लोग सातवी की बच्ची को बोलते, मशीन घर से ला."

कारखान्याला जे कळतं

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लाइनवर बोल्ट आवळायचा टॉर्क रेंच कंपनीचा असतो. गेज कंपनीचं, फिक्स्चर कंपनीचं. प्रत्येक मोजमापाच्या हत्यारावर कॅलिब्रेशनची तारीख लावलेली असते. तारीख उलटली की ते हत्यार वापरता येत नाही. कुणी म्हणालं, माझ्याकडे घरी चांगला रेंच आहे, मी तो आणतो, तर सुपरवायझर त्याला वेड्यात काढेल. कारण सरळ आहे. चाळीस कामगारांनी चाळीस प्रकारचे रेंच आणले, तर चाळीस प्रकारचे बोल्ट आवळले जातील आणि गाडी रस्त्यावर गेल्यावर खुळखुळेल.

कामगारावर दया म्हणून कंपनी हे करत नाही. काम नीट व्हायचं तर हत्यार एकसारखं, तपासलेलं आणि कामाच्या जागीच असलं पाहिजे, एवढा तो हिशेब आहे.

आता वर्गात या. चाळीस मुलं. कुणाकडे नवा महागडा टॅब, कुणाकडे काकाचा जुना लॅपटॉप, कुणाकडे काच फुटलेला फोन. एकाचं ॲप अपडेट मागतं, दुसऱ्याची बॅटरी संपते, तिसऱ्याचा डेटा. चौथ्याच्या स्क्रीनवर धडा सोडून गेम चालू आहे आणि पाचव्याकडे काहीच नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली पंधरा मिनिटं बाई पासवर्ड आणि चार्जर यांतच घालवतात. शिकवणं कधी करायचं?

माझं म्हणणं इतकंच आहे. वर्गात शिकण्यासाठी जे साधन लागतं, ते वर्गाचं असलं पाहिजे. फळा वर्गाचा, बाक वर्गाचा, प्रयोगशाळेतली परीक्षानळी शाळेची. मग टॅब तेवढा बापाच्या खिशातून का? 'स्वतःचं साधन आणा' हे धोरण आधुनिक म्हणून मिरवलं जातं. प्रत्यक्षात शाळेने आपला खर्च पालकांच्या गळ्यात बांधण्याचा तो सोपा रस्ता आहे.

उत्तर एकीचं, टिक दुसरीच्या नावावर

मी आपाबरोबर शाळेत गेलो. मुख्याध्यापक सभ्य माणूस. चहा मागवला. म्हणाले, "सक्ती नाही हो. ज्यांना शक्य नाही, त्यांची मुलं शेजारच्याबरोबर बघतील. आणि खरं सांगू का, दुसऱ्या कुठल्या पालकाची तक्रार नाही."

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. तक्रार नाही, कारण तक्रार करायला उठणारा पालक सगळ्या ग्रुपसमोर सांगत असतो की माझ्याकडे पैसे नाहीत. कोण सांगेल? दोनशे पालकांच्या ग्रुपवर अंगठा दाखवणं सोपं असतं. मग हप्त्यावर टॅब येतो. बाप महिनाभर ओव्हरटाइम करतो, आई शिलाईचं काम वाढवते. शाळेला वाटतं, योजना यशस्वी झाली.

भाची 'शेजारच्याबरोबर' बसू लागली. महिनाभराने मी तिला विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, ॲपमध्ये प्रश्न येतो, उत्तर दाबलं की हिरवी टिक येते, पण लॉगिन मैत्रिणीचं असतं. गणिताची उत्तरं बऱ्याचदा माझी भाची सांगते. टिक मैत्रिणीच्या नावावर जमा होते. आठवड्याच्या शेवटी बाई यादी वाचतात, त्यात भाचीपुढे शून्य. बाईंना माहीत आहे, मैत्रिणीलाही माहीत आहे. पण यादी यादी असते. आता ती उत्तर सांगत नाही, नुसती बघत बसते.

याला तुम्ही 'डिजिटल शिक्षण' म्हणा. मी याला जुनं नाव देईन. वेगळी पंगत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ३ इथे लागू होतं. त्याच्या पोटकलम २ मध्ये म्हटलं आहे की, ज्या फीमुळे किंवा खर्चामुळे मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल, तो त्याच्यावर लादता येणार नाही. कायद्यात टॅब हा शब्द नाही. पण 'खर्च' हा शब्द आहे आणि तो मुद्दाम घातलेला आहे. फी माफ करायची आणि मागच्या दाराने दुसऱ्या नावाने वसूल करायची, ही शाळांची जुनी खोड कायदा करणाऱ्यांना माहीत होती.

न्यायालयाने हे मान्यही केलं आहे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गासाठी साधन आणि इंटरनेट कुणी द्यायचं, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला. सप्टेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की, शाळा ऑनलाइन शिकवत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलांना ते साधन मोफत मिळालं पाहिजे. एकाच वर्गात साधनवाले आणि बिनसाधनवाले असे दोन गट पाडणं हा भेदभाव आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे आधी स्थगिती आली. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने डिजिटल दरीबद्दल गंभीर चिंता व्यक्त केली आणि दिल्ली सरकारला यावर योजना आखायला सांगितलं.

टाळेबंदीत, शाळेची इमारतच बंद असताना जे चुकीचं ठरलं, ते शाळा उघडी असताना बरोबर कसं ठरेल?

'आता तर सगळ्यांकडे फोन आहे'

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. तोही सुशिक्षित मित्रांकडून. भाजीवाल्याकडे क्यूआर कोड आहे, रिक्षावाल्याकडे फोन आहे, मग मुलाला वर्गात द्यायला काय झालं?

घरात फोन असणं आणि मुलाकडे फोन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण भागातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाचे २०२४ चे आकडे पाहा. चौदा ते सोळा वयोगटातल्या सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं साधारण ३१ टक्के. त्यातही मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. चाकणच्या आसपासची गावं कागदावर अजून ग्रामीणच आहेत. पत्र्याच्या खोल्यांत तीन पाळ्यांचे कामगार राहतात, फोन पाळीबरोबर ये-जा करतो.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. यात मुलांना दोष द्यायचं कारण नाही. ते यंत्र त्याचसाठी बनवलेलं आहे. बोट वर सरकवत राहावं म्हणून हुशार माणसांनी रात्रंदिवस खपून ते घडवलंय. तेच यंत्र वर्गात आणायचं आणि बाराव्या वर्षाच्या मुलाने स्वतःहून संयम ठेवावा अशी अपेक्षा करायची, हा कुठला न्याय?

आपल्या राज्याने या बाबतीत चांगलं कामही केलंय, ते मान्य केलं पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ती कल्पना राज्यभर गेली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. बालभारतीच्या पुस्तकावर आज तो चौकोनी कोड असतो. पण कोड म्हणजे दार आहे आणि त्याची किल्ली फोन. सरकारने पुस्तक मोफत दिलं, पुस्तकात दार काढलं आणि किल्ली मात्र ज्याची त्याने आणायची. उर्दू शाळेतल्या, मराठी शाळेतल्या कितीतरी पोरांसाठी तो कोड म्हणजे पानावरची काळी नक्षी आहे.

बंदीवाल्यांनी फार खूश होऊ नये

इथपर्यंत वाचून काही वाचक मान डोलवत असतील. बरोबर आहे, फोनने पोरं बिघडली, बंदीच घाला! थांबा. माझा त्यालाही विरोध आहे.

२०२२ मध्ये आपल्याकडच्या दोन गावांच्या बातम्या गाजल्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. दुसरं गाव यवतमाळमधलं बांशी. तिथल्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी घातली आणि दंड ठरवला.

दोन्ही निर्णयांमागे काळजीच होती. पण फरक बघा. वडगावात भोंगा वाजला की बापाचाही फोन खाली ठेवला जातो, आईची मालिकाही थांबते. बांशीत नियम फक्त लहानांना. मोठ्यांनी दिवसभर रील बघायचे आणि मुलांना दंड करायचा, याला शिस्त म्हणता येत नाही.

बऱ्याच शाळांचा कारभार तर याहून विचित्र आहे. सकाळी गेटवर फलक, 'मोबाइल आणण्यास सक्त मनाई'. दप्तरात सापडला तर जप्त, पालकांना बोलावणं. आणि संध्याकाळी सहा वाजता त्याच शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर. 'फोटो काढून ग्रुपवर टाका.' 'व्हिडिओ बघून वहीत लिहा.' वर्गात फोन हराम आणि घरी फर्ज! मुलाने यातून काय शिकायचं?

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलं होतं की, जगातल्या जवळपास एक चतुर्थांश देशांनी शाळेत स्मार्टफोनवर बंदी घातली आहे. फ्रान्सने २०१८ मध्येच कायदा केला. पण फ्रान्ससारख्या देशातल्या बहुतेक शाळांत संगणक कक्ष आहे, ग्रंथालय आहे. तिथे मुलाचा फोन काढून घेतला तरी शिकायचं साधन शाळेत उरतं. आपल्याकडे फोन काढून घेतला तर मागे काय उरतं, हे बंदी मागणाऱ्यांनी आधी सांगावं. दिल्ली उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की सरसकट बंदी व्यवहार्य नाही. फोन शाळेत आला तर तो वर्गाबाहेर सुरक्षित ठेवायची सोय करा, मुलांना त्याचा जबाबदार वापर शिकवा, पण नियम मोडल्याची शिक्षा अतिकडक ठेवू नका, असा त्या आदेशाचा सूर होता.

आता थोडं आपल्या घरात बघू

मुस्लिम वाचकांना काही वेगळं सांगायचं आहे. इतरांनीही ऐकायला हरकत नाही, कारण घरोघरी मातीच्याच चुली.

'स्वतःचं साधन आणा' म्हटलं की सगळ्यात आधी कोण मागे पडतं? मुलगी. घरात पैसे एका टॅबपुरते असतील, तर तो दहावीतल्या भावाला मिळतो. सातवीतल्या हुशार बहिणीला नाही. पैसे असले तरी 'लडकी के हाथ में फोन?' हा सवाल उभा राहतो. मोहल्ल्यात कुणाच्या तरी मुलीचं काहीतरी झालेलं असतं, ते उदाहरण दिलं जातं. मुलीने फोन मागितला की चारित्र्याची चौकशी सुरू होते. मुलगा रात्री दोनपर्यंत फोनवर असला तर तो 'बच्चा है'.

मी हे बाहेरून बोलत नाही. माझ्याच घरात हे झालंय. आमची धाकटी बहीण बारावीला असताना तिचा फोन महिनाभर कपाटात होता, कारण तिने कॉलेजच्या ग्रुपवर एका मुलाला नोट्स विचारल्या होत्या. तेव्हा मी काही बोललो नाही. आज लाज वाटते.

केरळमधली फहीमा शिरीन मात्र बोलली. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीए इंग्रजीला होती. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करायचा नियम होता. तिने तो मानायला नकार दिला. वसतिगृहातून तिला काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश झाला. एका मुस्लिम मुलीने देशातल्या सगळ्या मुलींसाठी ही लढाई जिंकली. आपल्या किती जलशांत, किती व्याख्यानांत तिचं नाव घेतलं गेलं?

फहीमा सज्ञान होती, फोन तिचा होता, अभ्यास तिचा होता. सातवीच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच शाळेच्या मालकीचं साधन महत्त्वाचं ठरतं. शाळेच्या कपाटातला टॅब वापरायला मुलीला बापाची परवानगी लागत नाही, भावाची मेहरबानी लागत नाही. बाई समोर असतात. तासाला मिळतो, तास संपला की कपाटात जातो. घरातल्या भीतीला तिथे जागाच राहत नाही. साधन घरातून आणायला सांगितलं, की घरातली सगळी उतरंड त्या साधनाबरोबर वर्गात येते.

कपाट कुठे आहे?

घराचा भरवसा नसतो, हे या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांना वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामं, शेड, वर्कशॉप जमीनदोस्त केले. कारवाई कायदेशीर होती की नव्हती, हा वाद वेगळा आहे. त्यावर लिहायचं तर दुसरा लेख लागेल. मला आठवतं ते एवढंच की, त्याच महिन्यात, ११ फेब्रुवारीला बारावीची आणि २१ फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. ज्या पोराचं छत गेलं, त्याचा चार्जर कुठल्या भिंतीला लागणार होता? शाळेच्या इमारतीवर मात्र बुलडोझर येत नाही. त्या इमारतीत एक कपाट असतं, त्यात वीस टॅब असते आणि संध्याकाळी ती खोली उघडी राहिली असती, तर निदान अभ्यासाला एक पत्ता उरला असता.

'एवढा पैसा कुठून आणायचा?' हा प्रश्न चाकणमध्ये विचारला जातो तेव्हा मला हसू येतं. फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तिथे पैसा नाही? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. आजवर मी जे पाहिलं, त्यात हा पैसा शाळेच्या भिंती रंगवण्यात, दप्तर वाटण्यात आणि फोटो काढण्यात जास्त गेला. कपाटातल्या साधनांच्या दुरुस्तीला पैसे द्या म्हटलं की कुणी पुढे येत नाही, कारण दुरुस्तीचा फोटो निघत नाही.

आणि करता येतं, हे करून दाखवलेलं आहे. केरळने आठवी ते बारावीचे ४५ हजार वर्ग प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि इंटरनेटने सज्ज केले. साधनं शाळेची, सॉफ्टवेअर मुक्त, शिक्षकांना प्रशिक्षण. उरुग्वेसारख्या छोट्या देशाने २००७ पासून सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची योजना राबवली. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब वाटायला सुरुवात केली होती. आपल्या राज्यात 'महाज्योती' ही संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि डेटा देते. मुस्लिमांतल्या ओबीसी जातींनाही तिथे अर्ज करता येतो. किती पालकांना हे माहीत आहे? अल्पसंख्याकांसाठीच्या 'मार्टी' संस्थेला मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्याकडूनही हीच मागणी आपण लावून धरायला हवी.

मग करायचं काय?

पहिलं, कुठल्याही शाळेने साधन विकत आणायला सांगू नये. सक्ती नाही म्हणून सुटका करून घेऊ नये. साधन वापरायचंच असेल, तर वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी शाळेने ठेवावं. एवढी ऐपत नसेल, तर दोघांत एक ठेवावं. पण तेही शाळेचं असावं आणि त्यात दोघांचीही नावं असावीत.

दुसरं, गृहपाठ वहीत द्या, फळ्यावर द्या. तो फक्त फोनवर देऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुप सूचनांसाठी ठीक आहे, शिक्षणासाठी नाही.

तिसरं, महापालिकेच्या मराठी, उर्दू, हिंदी, सगळ्या माध्यमांच्या शाळांत संगणक कक्ष शाळा सुटल्यावरही दोन तास उघडा ठेवा. त्यावर पगारी माणूस नेमा. साधन बिघडलं तर ते किती दिवसांत दुरुस्त होईल, याची तारीख भिंतीवर लावा. जशी टॉर्क रेंचवर लावतात तशी.

चौथं आपल्यासाठी. मोहल्ल्यातल्या जमातींनी, तालीम कमिट्यांनी एक खोली द्यावी. पाच जुने संगणक, एक वायफाय, एक समजदार माणूस. मुलींसाठी वेळ राखून ठेवा आणि तो वेळ भर दुपारचा नको, त्यांच्या सोयीचा ठेवा. शादीखान्याच्या रंगरंगोटीपेक्षा कमी खर्चात हे होतं.

आणि शेवटचं, पालकांनी गप्प बसू नये. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला आरटीईतून सूट दिली होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. गप्प बसले असते, तर माझ्या भाचीसारख्या मुलींना त्या शाळेचं गेटही दिसलं नसतं.

आम्ही शेवटी अर्ज लिहिला. कलम ३, पोटकलम २ चा उल्लेख करून, साध्या मराठीत, दीड पान. आपाने सही केली. मी म्हटलं, आणखी दोघं-तिघं मिळाले तर बरं होईल. आपा दोन दिवस शाळेच्या गेटवर उभी राहिली. नऊ पालकांनी सह्या केल्या. एक रिक्षावाला, एक मेसवाली, तीन कंत्राटी कामगार, एक सिक्युरिटी गार्ड. बाकीच्यांचं काय काम ते विचारायचं राहिलं. नऊपैकी मुस्लिम दोनच होते. ज्या शाळेत 'कुणाची तक्रार नाही' होती, तिथे एका आठवड्यात नऊ निघाल्या.

अर्जावर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. भाची अजून मैत्रिणीच्याच लॉगिनवर बसते. गेल्या रविवारी भेटली तेव्हा म्हणाली, मामू, आता मी उत्तर पुन्हा सांगते. टिक तिच्या नावावर गेली तरी चालेल, पण बरोबर उत्तर चुकीचं जाताना बघवत नाही.

सातवीतली पोरगी एवढं समजून घेते. मोठ्यांनी निदान तिचं नाव त्या यादीत येईल एवढी सोय करावी.